पियानोच्या शिकवणीच्या बदल्यात: ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’च्या पहिल्या रुग्णाचं प्रकरण

हातांनी करायच्या उपचारांचा उगम विचारला की बहुतेक वेळा एखाद्या रुग्णाची गोष्ट पुढे येते. कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे कण्याचे मणके हातांनी जागेवर बसवण्याच्या उपचाराची, गोष्ट १८९५ साली आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमध्ये एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीपासून सुरू होते. ‘रॉल्फिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ची, म्हणजे मऊ ऊती हातांनी दाबून, सरकवून शरीराची रचना सरळ करण्याच्या पद्धतीची, गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमधल्या एका पियानो शिक्षिकेच्या हातांपासून. मला ही दुसरी गोष्ट जास्त उपयोगाची वाटते, कारण तिच्यात चमत्कार कमी आणि निर्णय जास्त आहेत.

शिक्षिकेचं नाव इथे वगळलं आहे. ही पद्धत काढणाऱ्या इडा रॉल्फ यांचं आयुष्य जगजाहीर आहे, त्यामुळे त्या नावानिशी येतात. वाचताना एक ध्यानात ठेवावं: प्रकरणाचा पहिला भाग रॉल्फबाईंनी उतारवयात शिष्यांना सांगितलेल्या आठवणींवर उभा आहे. बरं करणाऱ्याने सांगितलेली बरं झाल्याची हकीकत म्हणूनच ती घ्यायची.

पार्श्वभूमी

इडा पॉलिन रॉल्फ यांचा जन्म १८९६चा, न्यूयॉर्कचा. वडील सिव्हिल इंजिनिअर. गोद्या आणि धक्के बांधणारे. १९१६मध्ये बार्नर्ड कॉलेजातून पदवी, १९२०मध्ये कोलंबिया विद्यापीठाची जीवरसायनशास्त्रातली पीएचडी. पहिल्या महायुद्धामुळे प्रयोगशाळांतून पुरुष कमी झाले होते आणि रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना संशोधनाची संधी मिळाली. तिथे फीबस लेव्हीन यांच्याबरोबर त्यांनी लेसिथिनसारख्या स्निग्ध पदार्थांवर काम केलं आणि बरेच शोधनिबंध लिहिले. हा तपशील पुढे लागणार आहे. वजन करणं, नोंदी ठेवणं, तुलनेसाठी दुसरा नमुना बाजूला ठेवणं हे त्यांचं रोजचं काम होतं.

शरीराकडे त्या वळल्या त्या स्वतःच्या दुखण्यामुळे. तरुणपणी पश्चिमेकडच्या प्रवासात घोड्याची लाथ बसली, मागोमाग ताप आला, श्वास लागू लागला. एका ऑस्टिओपॅथने, म्हणजे हाडं आणि सांधे हातांनी हाताळून उपचार करणाऱ्याने, बरगडी जागेवर आणल्यावर श्वास मोकळा झाला, असं त्या सांगत. पुढे त्यांनी ऑस्टिओपॅथी जवळून पाहिली आणि युरोपात असताना होमिओपॅथीचाही अभ्यास केला. त्याचबरोबर न्यूयॉर्कजवळच्या न्यॅक गावात पिएर बर्नार्ड यांच्याकडे त्या योगासनं शिकल्या.

हे बर्नार्ड म्हणजे एक अजब प्रस्थ होतं. स्वतःला तांत्रिक योगी म्हणवणारे, हत्ती पाळणारे अमेरिकन गृहस्थ. हडसन नदीकाठी श्रीमंतांसाठी क्लब चालवत. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे श्रीयोगेंद्रही न्यूयॉर्कच्या आसपास आसनांचे प्रयोग करून दाखवत होते. पण रॉल्फबाईंपर्यंत योग पोचला तो बर्नार्ड यांच्या हातून. आसनांमधून त्यांनी घेतली ती एक कल्पना: सांध्यांमध्ये जागा निर्माण करायची, शरीर लांबवायचं. मोक्षाचं त्यांना फारसं पडलेलं नव्हतं.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नोकरी सोडली. १९४०च्या सुमारास त्या चाळिशी ओलांडलेल्या, दोन मुलांच्या आई होत्या. घरी, ओळखीपाळखीच्या वर्तुळात शरीराबद्दलचं वाचन आणि प्रयोग चालू होते. त्या डॉक्टर नव्हत्या, उपचार करण्याचा परवानाही त्यांच्याकडे नव्हता.

अडचण

रॉल्फबाईंना मुलांसाठी पियानोची चांगली शिकवणी हवी होती. ज्या बाईंचं नाव सुचवलं गेलं त्यांनी शिकवणंच बंद केलं होतं. न्यूयॉर्कच्या रस्त्यात खड्ड्यात पाय अडकून त्या पडल्या होत्या आणि तेव्हापासून हात नीट चालत नव्हते. पियानो वाजवणं दूरच, स्वतःचे केस विंचरणंही जमत नव्हतं.

केस विंचरायला हात खांद्यातून वर न्यावा लागतो, बाहेरच्या बाजूला फिरवावा लागतो, कोपर दुमडून मनगट डोक्यामागे आणावं लागतं. खांदा आखडलेल्या माणसाची कुठलाही फिजिओ पहिल्याच भेटीत घेतो ती परीक्षा साधारण हीच. पियानोला मात्र हात उंच न्यावा लागत नाही. तिथे खांद्याने हाताचा भार तासन्तास तोलून धरायचा असतो, म्हणजे बोटं मोकळी राहतात. या दोन्ही गोष्टी एकदम गेल्या असतील तर बिघाड एकट्या बोटांत किंवा मनगटात असणं कठीण. रॉल्फबाईंच्या कथनात रोगनिदान असं काही नाही. पडून किती दिवस झाले होते, हाड मोडलं होतं का, आधी काय उपचार झाले, यातलं काहीच त्या सांगत नाहीत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: दुसरी शिकवणी शोधायची. दुसरा, बाईंना एखाद्या ऑस्टिओपॅथकडे पाठवायचं. तसे लोक रॉल्फबाईंच्या ओळखीचे होते. तिसरा, होमिओपॅथीचं औषध सुचवायचं. चौथा, जे स्वतःला अंगाने ठाऊक आहे ते करून पाहायचं, म्हणजे आसनं.

त्यांनी चौथा पर्याय घेतला, आणि घेण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. त्यांनी सौदा केला: तुम्ही पुन्हा पियानो शिकवू शकाल इतकं मी तुम्हाला बरं केलं, तर माझ्या मुलांना शिकवाल का? शिक्षिकेने होकार दिला. गमावण्यासारखं त्यांच्याकडे होतं तरी काय!

या सौद्यात पैसा नव्हता, म्हणून परवान्याचा प्रश्नही फारसा आला नाही. पण माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. यश कशाला म्हणायचं ते काम सुरू होण्याआधीच ठरलं होतं. बाई शिकवू लागल्या तर यश, नाही तर अपयश. ‘बरं वाटतंय’, ‘हलकं वाटतंय’ अशा उत्तरांना वावच नव्हता, कारण शेवटी मुलं पियानोसमोर बसणार होती किंवा नव्हती. या पद्धतीच्या पुढच्या सगळ्या वाटचालीत इतकी स्वच्छ मोजपट्टी फारशी दिसत नाही.

काय केलं

सुरुवात योगातल्या ताणांनी झाली. साधारण चार भेटींनंतर शिक्षिकेची स्थिती शिकवण्याइतकी सुधारली आणि ठरल्याप्रमाणे मुलांचा पियानो सुरू झाला. हकीकतीचा एवढाच भाग नेहमी सांगितला जातो.

नंतर लोक एकमेकांच्या सांगण्यावरून येऊ लागले. त्यांत पंचेचाळिशीतली एक बाई होती. लहानपणी पडल्यामुळे तिचं शरीर वाकडं झालेलं होतं आणि स्वतःचं स्वतः करणंही तिला अवघड होतं. तिच्या बाबतीत नुसते व्यायाम पुरेनात. तेव्हा रॉल्फबाईंनी हात लावला: मऊ ऊती जिथे असायला हवी त्या दिशेने दाबून धरायची आणि त्याच वेळी रुग्णाला ती जागा हलवायला सांगायची. आपल्या पद्धतीचं पहिलं तत्त्व या बाईवर काम करताना सापडलं, असं त्या नंतर सांगत.

माझ्या दृष्टीने खरा फाटा इथे आहे. आसनात रुग्ण स्वतः हालचाल करतो, शिक्षक सांगतो. हाताने ऊती सरकवायला घेतली की करणारा बदलतो. पियानो शिक्षिकेला जे मिळालं ते तिला घरी एकटीने पुन्हा करता आलं असतं; या दुसऱ्या बाईला रॉल्फबाईंचा हात लागणार होता. पद्धतीची ताकद आणि तिचं परावलंबन दोन्ही एकाच दिवशी जन्माला आली.

हाताखाली लागतं ते काय, याचं उत्तर रॉल्फबाईंनी रसायनशास्त्रातून शोधलं. स्नायूंना आणि अवयवांना गुंडाळणारं, त्यांना एकमेकांशी जोडणारं जे पांढरट आवरण असतं, फॅशिया, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. मार लागला, चुकीची सवय लागली की हे आवरण आखडतं आणि चिकटतं. मग शरीराचे भाग एकमेकांवर सरळ रचलेले राहत नाहीत आणि गुरुत्वाकर्षण आधार देण्याऐवजी ओझं होतं. दाबाच्या रूपाने ऊर्जा दिली की आवरणातला घट्ट झालेला कलिल (जेलीसारखा) पदार्थ पुन्हा सैल होतो, अशी ती मांडणी. जेलीला ऊब दिली की ती पातळ होते, तसं काहीसं. शवविच्छेदन करताना फॅशिया कापून बाजूला टाकायची जिनसच मानली जायची, त्या काळात या आवरणाला मध्यभागी आणणं हे धाडस होतं. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

दुसरा निर्णय: शिकवायचं कोणाला

१९५०च्या दशकात त्या अमेरिका, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये ऑस्टिओपॅथ आणि कायरोप्रॅक्टर मंडळींना शिकवत फिरल्या. हिशेब सरळ होता. परवाना त्यांच्याकडे, रुग्णही त्यांच्याकडे; पद्धत त्यांच्यामार्फत पसरेल. तसं झालं नाही. शिकलेली माणसं दवाखान्यात परत जाऊन कंबर दुखणाऱ्याच्या कमरेवर आणि मान दुखणाऱ्याच्या मानेवर यातली एखादी युक्ती वापरू लागली. दुखतं तिथेच हात घालायचा नाही, सगळी रचना सरळ करायची, हा गाभाच गळून पडला.

मग आलं एसालेन. कॅलिफोर्नियातल्या बिग सर इथे, समुद्रकड्यावरची ही संस्था मायकल मर्फी आणि डिक प्राइस यांनी १९६२मध्ये सुरू केली. मर्फी त्याआधी पुदुच्चेरीच्या अरविंदाश्रमात राहून आले होते. गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचार पद्धतीचे फ्रिट्झ पर्ल्स तिथे राहत. हृदयाच्या त्रासाने बेजार होते. १९६०च्या दशकाच्या मध्यात रॉल्फबाई त्यांच्यावर उपचार करायला गेल्या, पर्ल्स यांना आराम पडला आणि त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं. सत्तरीला टेकलेल्या या करड्या शिस्तीच्या बाईंभोवती लांब केसांची, अनवाणी तरुण मंडळी जमली. शोधत होत्या डॉक्टरांना, सापडले हिप्पी. त्यांना परवाने नव्हते, पण रिकाम्या पाटीने शिकायची तयारी होती. बाईंचा दाब सोसवत नाही म्हणून ओरडणारेही पुन्हा यायचे.

शिष्यांनी या पद्धतीला ‘रॉल्फिंग’ म्हणायला सुरुवात केली. बाईंना स्वतःला ‘स्ट्रक्चरल इंटिग्रेशन’ हेच नाव पसंत होतं.

तिसरा निर्णय: दहा सिटिंगचा साचा

हातातलं कौशल्य शिकवायचं कसं? शिष्य रॉल्फबाईंच्या शेजारी वर्षानुवर्षं बसले असते तर शिकले असते, पण बाईंचं वय होत चाललं होतं. त्यांनी पूर्ण काम दहा सिटिंगमध्ये बसवलं.

पहिल्या सिटिंगला छाती आणि बरगड्या, श्वास मोकळा करण्यासाठी. दुसऱ्याला पावलं आणि पोटऱ्या. तिसऱ्याला काखेपासून मांडीपर्यंतची कूस. चौथ्याला पायांची आतली बाजू, पाचव्याला पोट आणि त्याच्या मागचा, कण्याला मांडीशी जोडणारा सोआस स्नायू. सहाव्याला पाठ आणि माकडहाडाच्या वरचा त्रिकास्थीचा भाग, सातव्याला मान, डोकं, जबडा. उरलेल्या तिन्हींमध्ये हे सगळं एकमेकांशी जुळवायचं. शिष्य याला सरळ ‘रेसिपी’ म्हणत.

यातला क्रम विचारपूर्वक लावलेला आहे. वरचे थर आधी, खोलचे नंतर. पाया पक्का झाल्यावरच मानेला हात. सराव नसलेल्या माणसाने तो पाळला तरी मोठी चूक होण्याची शक्यता कमी. ऑस्टिओपॅथ मंडळींनी जी काटछाट केली होती तिच्यावरही हा इलाज होता, कारण दहापैकी आपल्या सोयीची तीन सिटिंग उचलता येत नाहीत.

किंमतही मोजावी लागली. पियानो शिक्षिकेच्या वेळी पहिला प्रश्न होता, ‘तुम्हाला काय करता येत नाही?’ साच्यात तो प्रश्न आधी येण्याची गरजच उरली नाही. केस विंचरता न येणारी बाई आणि काहीही न दुखणारा नर्तक, दोघांचं पहिलं सिटिंग छातीचंच. यशाची खूण बदलली आणि तिची जागा छायाचित्रांनी घेतली. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, कान-खांदा-खुबा-गुडघा-घोटा एका उभ्या रेषेत आले की नाही. पुढे निघालेल्या रॉल्फ इन्स्टिट्यूटच्या बोधचिन्हातही असाच एक लहान मुलगा आहे, ठोकळ्यांनी दाखवलेला, आधी वाकडा आणि मग सरळ. फोटोत पाय किंचित सरकले, श्वास भरून घेतला, कॅमेऱ्याची उंची बदलली तरी रेषा बदलते. जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असा पुरावा रॉल्फबाईंनी स्वीकारला नसता, असं मला वाटतं.

त्यांना मोजमापाचं वावडं होतं असं म्हणता येणार नाही. १९७०च्या दशकात व्हॅलरी हंट यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात स्नायूंच्या विद्युत हालचालींच्या नोंदी घेतल्या, त्याला त्यांचा पाठिंबा होता. पण तोवर साचा पक्का झाला होता. आधीच सिद्ध मानलेलं दाखवून देण्यासाठी मोजणी होऊ लागली होती.

परिणाम

१९७१मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये रॉल्फ इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९७७मध्ये बाईंचं मुख्य पुस्तक आलं. १९ मार्च १९७९ रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी त्या गेल्या.

फुटाफूट त्यांच्या हयातीतच सुरू झाली होती. नृत्याच्या पार्श्वभूमीच्या जुडिथ ॲस्टन यांनी हालचालीच्या बाजूवर भर दिला आणि स्वतःची पद्धत काढली. इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष जोसेफ हेलर यांनी १९७८मध्ये हेलरवर्क सुरू केलं. सगळ्यात मोठी फूट बाईंच्या माघारी, १९८९-९०च्या सुमारास पडली. दहा सिटिंगचा साचा जसाच्या तसा शिकवायचा की तत्त्वं शिकवून क्रम रुग्णाप्रमाणे ठरवू द्यायचा, हा वादातला कळीचा मुद्दा. पीटर मेलकिअर आणि एमेट हचिन्स या ज्येष्ठ शिक्षकांनी साच्याशी इमान राखत वेगळं गिल्ड, म्हणजे स्वतंत्र संघ, काढला. ‘रॉल्फिंग’ हा नोंदणीकृत शब्द इन्स्टिट्यूटकडे राहिला. त्यामुळे बाईंची रीत जास्तीत जास्त जशीच्या तशी चालवू पाहणाऱ्यांना बाईंचं आडनाव लावता येईना! घराणी आणि गंडाबंधन जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला या भांडणात नवल वाटणार नाही.

सिद्धांताचं काय झालं? २००३मध्ये रॉबर्ट श्लाइप यांनी, जे स्वतः रॉल्फर होते, दाबाने फॅशिया वितळल्यासारखा होतो या स्पष्टीकरणावर शंका घेतली. हाताखाली काही सेकंदांत जाणवणारा सैलपणा मज्जासंस्थेच्या प्रतिसादातून येत असावा, असं त्यांचं म्हणणं. २००८मध्ये चौधरी आणि सहकाऱ्यांनी गणिती प्रारूप मांडून दाखवलं की मांडीच्या बाहेरचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया अवघा एक टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचं बळ लागेल. हे निष्कर्ष बाईंच्याच परंपरेत वाचले गेले, शिकवले गेले, ही जमेची बाजू.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट नोंदींची. चार भेटींआधी हात किती अंशांपर्यंत वर जातो, पियानोवर किती मिनिटं बसवतं, पडून किती काळ लोटला आहे, एवढं एका कागदावर लिहिलं असतं तरी आज प्रकरणाचं वजन वेगळं असतं. पडल्यानंतर आखडलेला खांदा बऱ्याच जणांचा कालांतराने आपोआपही सुटतो. इथे तसं झालं नाही हे म्हणायला आधार नाही. उपचाराने झालं असेल तर श्रेय योगातल्या ताणांचं आहे. हाताने ऊती सरकवण्याचं काम पुढच्या रुग्णापासून आलं, म्हणून पियानो शिक्षिकेची हकीकत रॉल्फिंगचा पुरावा म्हणून सांगणं मुळातच गैर आहे.

दुसरी गोष्ट एसालेनची. तिथे जाणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. नाही तर ही पद्धत दोन-चार जुन्या ऑस्टिओपॅथ मंडळींबरोबर संपली असती. पण तिथलं वातावरण असं होतं की कोणाच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला रडू फुटलं की तोच उपचाराचा पुरावा ठरायचा. त्याच वर्षांत रॉल्फबाई एखाद्या अस्थिव्यंग विभागाशी जोडून घेऊ शकल्या असत्या तर बिकट प्रश्न लवकर विचारले गेले असते. परवाना नसलेल्या, वय झालेल्या बाईला त्या काळात कुठल्या विभागाने दार उघडलं असतं, हाही प्रश्न आहेच.

तिसरी गोष्ट साच्याची. शिकाऊ माणसासाठी साचा आणि पाच-सात वर्षांच्या अनुभवानंतर मोकळीक, अशी पायरी बाईंनी स्वतः आखून दिली असती तर १९८९-९०चं भांडण कदाचित इतकं विकोपाला गेलं नसतं.

आजची स्थिती

२०१५मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने नैसर्गिक उपचारपद्धतींचा आढावा घेतला. रॉल्फिंग त्यांत होतं आणि परिणामकारकतेचा स्पष्ट पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. एप्रिल २०१९पासून खासगी आरोग्य विम्याच्या अनुदानित लाभांतून ते वगळलं गेलं.

त्याच वर्षी, २०१५मध्ये, बोस्टन परिसरातल्या एका छोट्या चाचणीचे निकाल आले. जुनाट कंबरदुखीचे ४६ रुग्ण, २० आठवडे. निम्म्यांना नेहमीचं पुनर्वसन, निम्म्यांना पुनर्वसन आणि जोडीला स्ट्रक्चरल इंटिग्रेशन. वेदना किती कमी झाली यात दोन गटांत ठळक फरक सापडला नाही. रोजची कामं करताना येणारी अडचण मात्र दुसऱ्या गटात जास्त कमी झाली. उठणं, वाकणं, चालणं, कपडे घालणं, या प्रकारच्या प्रश्नांची ती यादी असते. केस विंचरण्याच्याच जातकुळीतली. पण दुसऱ्या गटाला उपचारकाचा वेळ आणि स्पर्शही जास्त मिळाला होता, आणि आपल्याला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक होतं. त्यामुळे फरकाचं किती श्रेय फॅशियावरच्या कामाचं आणि किती त्या वेळेचं, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.